फँटसीतली साम्राज्यं : सम्राट मेला की गोष्ट संपते का?

काजळरेघ

फँटसी वाचणाऱ्या मंडळींशी या विषयावर मनापासून बोलायचंय. साम्राज्य म्हटलं की फँटसीत एक ठरलेला साचा असतो, काळा किल्ला, मुखवटेवाला सम्राट, गावातला एक पोरगा ज्याच्याबद्दल कुणीतरी आधीच भाकीत करून ठेवलंय, मग तलवार, मग शेवटची लढाई, सम्राट पडला, लोक रस्त्यावर नाचायला लागले, संपलं. मला हे आता वाचवतच नाही. सम्राट एकटा थोडाच राज्य करत होता? सारा गोळा करणारे होते, शाळेत त्याच्या नावाची शपथ घ्यायला लावणारे मास्तर होते, जंगलं तोडून जहाजं बांधणारे होते, आणि या सगळ्यावर ज्यांची घरं चालायची असे लाखो साधे लोक होते. ते सगळे दुसऱ्या दिवशी सकाळी कुठं जातात? ज्या लेखकाला हा प्रश्न पडतो त्याची गोष्ट मला धरून ठेवते.

आधी सगळ्यांनी बघितलेलं घेते. 'अवतार : द लास्ट एअरबेंडर' (२००५ ते २००८, नवीन नेटफ्लिक्सवाली नाही, जुनी कार्टून मालिका). तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीला आंग, म्हणजे मालिकेचा नायक, एअर नोमॅड्सपैकी वाचलेला एकटा मुलगा, वेष बदलून फायर नेशन या साम्राज्याच्या शाळेत जाऊन बसतो. तिथल्या बाई विचारतात की सोझिन राजानं एअर नोमॅड्सच्या सैन्याशी लढाई कुठल्या साली केली. आंग म्हणतो, एअर नोमॅड्सकडे सैन्यच नव्हतं. शंभर वर्षांपूर्वी धूमकेतूची ताकद वापरून अख्खा समाज संपवला, मठातले भिक्षू, मुलं, सगळे, आणि मारणाऱ्यांच्या पणतवंडांना आता शिकवतायत की ती लढाई होती. दुसऱ्या सीझनमधलं ते पत्र आठवतंय का? फायर नेशनचा सेनापती आयरो बा सिंग से शहराला वेढा घालून बसलाय आणि घरी लिहितो की शहर फार सुंदर आहे, आम्ही जाळलं नाही तर तुम्हीही बघाल एकदा. आणि घरातली मुलं खळखळून हसतात. तोच आयरो पुढं आपल्या सगळ्यांचा लाडका चहावाला म्हातारा होतो. मला तो हसण्याचा सीन अख्ख्या मालिकेत सगळ्यात जास्त लागतो, कारण त्यात राक्षस कुणीच नाहीये, एक प्रेमळ घर आहे.

दुसरं उदाहरण सेथ डिकिन्सनच्या कादंबरीचं, 'द ट्रेटर बारू कॉर्मोरंट', २०१५ ची. बारूच्या बेटावर सैन्य आधी येतच नाही, व्यापारी येतात. मग कागदी नोटा येतात, मग शाळा, मग लस, मग एक दिवस कळतं की तुझ्या घरात एक आई आणि दोन वडील आहेत हे आता बेकायदेशीर आहे. बारू हुशार, त्यांच्याच शाळेत शिकते, ठरवते की आत शिरून हे मोडायचं, आणि तिला हिशेबनीस करून दुसऱ्याच एका जिंकलेल्या प्रांतात पाठवतात. तिथं एका बंडाची तयारी ती नोटांची किंमत पाडून मोडते, तलवार न उपसता. वाचताना मला सारखे दादाभाई नौरोजी आठवत होते, १९०१ चं त्यांचं 'पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल इन इंडिया', तिथं पण राज्यकर्त्यांचेच आकडे हातात घेऊन पैसा कुठून कुठं वाहतोय ते मांडलंय. मला अशी फँटसी हवीय जिच्यात साम्राज्य कसं चालतं ते दिसतं. तुम्ही काय वाचलंय असं?

जुनाजाणता

धागा चांगला आहे पण मी विरुद्ध बाजूनं लिहितो. मी फँटसी वाचतो ती दिवसभर ऑफिस आणि लोकलमधून सुटका म्हणून. प्रत्येक ड्रॅगनमागे वसाहतवाद शोधायला लागलो तर ड्रॅगनची मजा जाते. टोलकीननं स्वतः 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्पष्ट लिहिलंय की त्याला रूपककथा आवडत नाहीत. त्याच्यासारख्या माणसाला जे नको होतं ते आपण का लादायचं? चांगलं वाईट एवढं सरळ असणं ही काही लेखकाची कमजोरी नव्हे, माणसाला त्याची गरज असते.

टेकडीवरचा

जुनाजाणता, प्रस्तावनेबद्दल बरोबर बोललात, पण रूपक नको म्हणणं वेगळं आणि सत्तेचा विचारच नको म्हणणं वेगळं. टोलकीन १९१६ साली, पहिल्या महायुद्धात, सॉमच्या लढाईत होता, त्याला माहीत होतं समोर मरून पडलेला माणूस कोण असतो. 'द टू टॉवर्स'मध्ये सॅमच्या समोर दक्षिणेकडचा एक सैनिक मरून पडतो आणि सॅमच्या मनात येतं की याचं नाव काय असेल, हा कुठून आला, हा खरंच मनानं वाईट होता का, की कुणीतरी खोटं सांगून नाहीतर धमकावून याला इतक्या लांब आणला. अर्धा परिच्छेद आहे फक्त.

आणि रोहन या घोडेस्वारांच्या राज्यावर चालून येणारे डनलंडचे लोक बघा. सिनेमात ते जवळजवळ नुसते मशाली घेऊन ओरडणारे रानटी आहेत. पुस्तकात हेल्म्स डीपच्या लढाईत रोहनचाच एक म्हातारा सैनिक सांगतो की गोंडोर या मोठ्या राज्याच्या सत्ताधीशांनी ही जमीन आमच्या पूर्वजांना दिली आणि ते दुःख ही माणसं पाचशे वर्षांत विसरलेली नाहीत. म्हणजे रोहन ज्या कुरणांवर घोडे उडवतं ती कुरणं आधी दुसऱ्या कुणाचीतरी होती, आणि देणारा तिसराच! लढाई संपल्यावर त्यांना सोडून देतात तेव्हा ते चक्रावतात, कारण त्यांना लढायला आणणाऱ्या सारुमान जादूगारानं सांगितलेलं असतं की रोहनवाले कैद्यांना जिवंत जाळतात.

याच्याही मागं जायचं तर 'अनफिनिश्ड टेल्स' (१९८०, टोलकीन गेल्यानंतर मुलानं संपादित केलेलं). न्यूमेनॉरचे लोक, म्हणजे कथेतल्या राजा एरागॉर्नचे थोर पूर्वज, समुद्रावरून येतात, आधी मदत करतात, मग जहाजांसाठी लाकूड हवं म्हणून नदीच्या दोन्ही तीरांवरची जंगलं तोडायला लागतात. तिथले लोक आधी वैरी नसतात, तोड हाताबाहेर गेल्यावर होतात. मग त्यांना हाकलतात, ते डोंगरात जातात, आणि पुढं मुख्य खलनायक साउरॉन येतो तेव्हा त्यांना वाटतं बरं झालं, हा तरी त्या समुद्रावरच्या लोकांना धडा शिकवेल. आता सांगा हे सरळ चांगलं वाईट आहे का? मला तर वाटतं टोलकीनच्या जगातली सगळ्यात खरी गोष्ट मुख्य पुस्तकाच्या बाहेर, तळटिपांसारखी पडून राहिलीय.

चाफेकळी

जंगल म्हटलं आणि मला राहवलं नाही. आपल्याकडं खांडववन आहे की! अग्नीला भूक लागली म्हणून कृष्ण आणि अर्जुन दोन्ही बाजूंनी उभे राहतात आणि पळून जाणारा प्रत्येक प्राणी, प्रत्येक नाग मारून आत ढकलतात. वाचतात फक्त सहा जण, अश्वसेन नाग, मय असुर आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्लं. त्या जळालेल्या रानातून वाचलेल्या मयाकडूनच पुढं इंद्रप्रस्थाची ती झगमगती सभा बांधून घेतात. लहानपणी आम्हाला हे अग्नीचं पोट बरं करायची गोष्ट म्हणून सांगितलं होतं, आणि आम्ही ऐकलं पण तसंच.

इरावती कर्वेंनी 'युगान्त'मध्ये 'मयसभा' प्रकरणात याच्याकडं थेट बघितलंय, की हे शेतीसाठी, वस्तीसाठी जमीन मोकळी करणं होतं आणि त्यात एक अख्खी जमात मारली गेली, आणि महाभारताला त्याबद्दल कुठंही पश्चात्ताप नाही. (१९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार या पुस्तकाला आहे, ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी खरंच वाचा.) टेकडीवरच्यांनी न्यूमेनॉरचं लिहिलंय आणि मी हे लिहितेय, दोन्ही शेजारी ठेवा. तिथं डनलंडचे लोक पाचशे वर्षं विसरत नाहीत, इथं तक्षक परीक्षिताला डसतो आणि मग जनमेजय सर्पसत्र करतो. पिढ्यान्‌पिढ्या चाललंय.

जुनाजाणता

चाफेकळी, तुमचा मुद्दा पटला. डनलंडचा भागही पुन्हा वाचणार. तरी माझं म्हणणं तेच, गोष्ट आधी गोष्ट असली पाहिजे. प्रबंध नको.

काजळरेघ

जुनाजाणता, पूर्ण सहमत! बारूचं पुस्तक मी रात्री जागून संपवलंय, ते थरारक आहे म्हणूनच. प्रबंध मलाही नकोय.

सराफाकट्टा

मी इंदूरचा, घरात मराठी, बाहेर सगळी मालवी हिंदी, तेव्हा भाषा जरा सांभाळून घ्या. आर. एफ. कुआंगच्या 'बेबल'बद्दल (२०२२) अजून कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. पुढं थोडे स्पॉयलर आहेत.

१८३० च्या दशकातलं ऑक्सफर्ड, पण त्यात जादू चांदीच्या पट्ट्यांची. पट्टीच्या दोन बाजूंना दोन भाषांतले शब्द कोरायचे, त्यांच्या अर्थात जो फरक उरतो त्यातून शक्ती निघते, आणि त्या शक्तीवर इंग्लंडच्या गिरण्या, पूल, जहाजं सगळं चालतं. त्यासाठी परक्या भाषा येणारी पोरं लागतात, म्हणून कँटनचा रॉबिन, कलकत्त्याचा रामी, हैतीची व्हिक्टॉयर यांना आणून शिकवतात, खाऊपिऊ घालतात, आणि त्यांच्याच डोक्यातून जे निघतं ते त्यांच्याच देशांविरुद्ध वापरतात. काजळरेघताई, तुम्हाला साम्राज्य कसं चालतं ते बघायचंय ना, इथं इंजिनच उघडून ठेवलंय.

पण मला जे लिहायचंय ते वेगळंच. कथेत पोरं कँटनला जातात आणि त्यांना कळतं की अफू विकता यावी म्हणून इंग्लंड चीनवर युद्ध लादणार. ती अफू बंगालची होती असं सगळे म्हणतात. अर्धी गोष्ट आहे ही. उरलेली बरीचशी अफू माळव्याची होती हो! आमच्या इथली, होळकरांच्या आणि शिंद्यांच्या मुलखातली. इंदूर, उज्जैनच्या सावकारांनी शेतकऱ्याला आगाऊ पैसे द्यायचे, पेट्या मुंबईला जायच्या, तिथून चीन. ईस्ट इंडिया कंपनीनं आधी हे अडवायचा प्रयत्न केला तर माल पोर्तुगीजांच्या दमणमधून जायला लागला, मग १८३० च्या सुमारास कंपनीनं अडवणं सोडलं आणि मुंबईमार्गे जाणाऱ्या पेटीवर फी घ्यायला सुरुवात केली. आजही मंदसौर, नीमचला परवान्याची अफू होते, जानेवारी फेब्रुवारीत पांढरी फुलं दिसतात शेतात.

तर बेबल वाचताना मी रॉबिनच्या बाजूनं होतो, रामीच्या बाजूनं होतो, आणि मध्येच लक्षात आलं की त्या पेट्यांवर माझ्या गावाचाही हात आहे. शेतकऱ्याचा नाही, त्याला फार काही मिळालं नसणार. पण ज्यांच्या हवेल्या झाल्या त्यांचा आहे. पुस्तकात हा माळवा नाहीये, आणि मला तो हवा होता.

टेकडीवरचा

सराफाकट्टा, अंगावर काटा आला. यात मुंबईचं अजून एक जोडतो. त्या युद्धाचा शेवट १८४२ च्या नानकिंगच्या तहानं झाला, ज्यात हाँगकाँग इंग्रजांना मिळालं. तो तह एका जहाजावर सह्या करून झाला, एचएमएस कॉर्नवॉलिस. ते जहाज सागवानी, मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं, १८१३ साली पाण्यात उतरलेलं. सर जमशेटजी जीजीभॉय चीनच्या व्यापारात, त्यात अफूही आली, जार्डिन या ब्रिटिश व्यापाऱ्याबरोबर होते, आणि त्या पैशातून जे दानधर्म झालं त्यात १८४५ चं जे. जे. हॉस्पिटल आहे. माझी आजी तिथं बरी होऊन घरी आली, म्हणून मी ते हॉस्पिटल नको होतं असं कधीच म्हणणार नाही. पण जंगल इथलं, जहाज इथलं, पेट्या इथून गेल्या आणि व्यसन लागलं ते चीनमधल्या कुणालातरी. न्यूमेनॉरची तोड वाचताना मी आपोआप तिथल्या माणसांच्या जागी स्वतःला ठेवतो, तसं सुताराच्या जागीही ठेवून बघायला पाहिजे. त्याला जहाज सुंदरच दिसत असणार.

गरियाहाट

माझा जन्म कलकत्त्याचा, आईबाबा नागपूरचे. हे लिहू की नको असं झालं होतं पण वरच्या दोन पोस्टींनंतर लिहितेच.

बंगालीत एक अंगाईगीत आहे, इथं प्रत्येक घरात म्हणतात. बाळ झोपलं, मोहल्ला शांत झाला, बर्गी आले देशात, पाखरांनी धान खाल्लं, आता सारा कशातून भरू. ते बर्गी म्हणजे आपले. नागपूरच्या रघुजी भोसल्यांचे घोडेस्वार, १७४१ पासून दहा वर्षं जवळजवळ दरवर्षी यायचे. गंगारामाचं 'महाराष्ट्र पुराण' म्हणून त्याच काळातलं बंगाली काव्य आहे, त्यात लोक कसे पळाले त्याची यादी आहे, ब्राह्मण पोथ्या घेऊन, सोनार तराजू घेऊन. इंग्रजांनी १७४२ मध्ये कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला, त्याचं नावच मराठा डिच. शेवटी १७५१ मध्ये बंगालचा नवाब अलिवर्दीखानानं ओडिशा सोडलं आणि वर्षाला १२ लाख चौथ कबूल केली तेव्हा हे थांबलं.

शाळेत मला मैत्रिणी विचारायच्या की तुम्ही बर्गी का. मी घरी शिवाजी महाराजांच्या गोष्टी ऐकत वाढले आणि शाळेत हे. त्यामुळे आयरोच्या पत्रावर हसणारं ते कुटुंब मला अजिबात परकं वाटत नाही. काजळरेघ, तो सीन तुम्ही काढलात म्हणून हे लिहिता आलं.

दुर्गवेडा

गरियाहाट, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहितो, पण मला हे जड जातंय. स्वराज्य हे मुळात जुलमाविरुद्ध उभं राहिलं, रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका सांगणारा राजा होता. त्याला आणि ब्रिटिश साम्राज्याला एकाच ओळीत बसवणं मला मान्य नाही.

गरियाहाट

दुर्गवेडा, मी महाराजांबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही. महाराज १६८० मध्ये गेले, मी लिहितेय ते साठ वर्षांनंतरचं. मला उलट हेच विचारायचंय की देठाला हात लावू नका म्हणणाऱ्यांच्याच नावानं साठ वर्षांत बंगालमधल्या बायका पोरांना भीती घालायला लागल्या, हे कसं होतं? ही तर फँटसी लिहिणाऱ्यांसाठी सोन्यासारखी गोष्ट आहे. जुलमाविरुद्ध उभं राहिलेलं राज्य, आणि तिसऱ्या चौथ्या पिढीला वसुलीची सवय लागलेली. हे कुणी का लिहीत नाही?

दुर्गवेडा

असं मांडलंत तर विचार करण्यासारखं आहे. वसुली स्वाऱ्यांवर अवलंबून राहिली की काय होतं यावर आपल्याकडं पण इतिहासकारांनी बरंच लिहिलंय. कादंबरी मात्र खरंच नाही आठवत.

मांडवीकाठ

गोव्यातून नमस्कार. सी. एस. लुईसचं नार्निया कुणी घेतलं नाही अजून. 'प्रिन्स कॅस्पियन'मध्ये (१९५१) बाहेरून आलेल्या टेलमारवाल्यांनी नार्निया जिंकून घेतलंय, बोलणारे प्राणी आणि बुटके लपून राहतायत आणि राजवाड्यात जुन्या नार्नियाचं नाव काढायला बंदी. छोट्या राजपुत्र कॅस्पियनची दाई त्याला त्या गोष्टी सांगते म्हणून काका तिला हाकलतो. मग येतो तो मास्तर, जो स्वतः अर्धा बुटका असतो आणि जात लपवून राजवाड्यात नोकरी करत असतो. लहानपणी हे वाचताना मला ते आमचंच वाटलं होतं. इथं १५६० ते १८१२ इन्क्विझिशन होतं, १६८४ मध्ये व्हाइसरॉयनं फर्मान काढलं की तीन वर्षांत सगळ्यांनी पोर्तुगीज शिका आणि कोंकणी सोडा. आमचा मंगेश मुळात कुठ्ठाळीचा, १५६० मध्ये लोकांनी देव उचलून नदीपार प्रियोळला आणले कारण तिथं तेव्हा पोर्तुगीजांची सत्ता नव्हती. शांतादुर्गा केळशीची, ती कवळ्याला गेली. आजही इथं माणूस सांगतो की देव अमुक गावात असले तरी मूळ गाव ते नव्हे.

पण पुस्तकाच्या शेवटाकडं मला अडखळायला होतं. नार्निया सोडवायला कोण येतं तर चार इंग्रज मुलं, आणि थोरला त्यातला महाराजा. बुटके, सेंटॉर, बोलणारे अस्वल सगळे शतकानुशतकं त्यांची वाट बघत बसलेत. आणि 'द हॉर्स अँड हिज बॉय'मध्ये शेजारच्या कॅलॉर्मेन देशाचे लोक सावळे, पगडीवाले, गुलाम ठेवणारे. एकाच लेखकाला एका पुस्तकात जिंकलेल्यांचं दुःख इतकं नीट कळतं आणि दुसऱ्यात सावळा शेजारी दिसला की काहीच कळत नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. मी ती पुस्तकं टाकून दिलेली नाहीत. पोरांना वाचून दाखवताना मध्ये थांबते आणि बोलते.

सराफाकट्टा

सोडवायला बाहेरून कुणीतरी येणं हा तर रोगच आहे या साहित्याला. 'गेम ऑफ थ्रोन्स'चा तिसरा सीझन संपतो तो सीन घ्या, राजकन्या डेनेरिस मधोमध आणि हजारो मुक्त झालेले गुलाम तिला आई म्हणून उचलतायत. टीव्हीवर फार भारी वाटलं होतं. पण मार्टिनच्या मूळ पुस्तकात पुढं जे होतं ते फार महत्त्वाचं आहे, ती अस्तापोर शहर सोडून निघून जाते आणि मागं एक खाटीक राजा होतो आणि तोच आता सरदारांच्या पोरांना गुलाम करून नवं सैन्य घडवायला लागतो. साखळी तोडणं एका दुपारचं काम होतं, राज्य कसं चालवायचं हे तिनं कुणाला विचारलंच नव्हतं. तिथल्या लोकांना तर नाहीच.

काजळरेघ

यावर 'अवतार'च्या कॉमिक्समध्ये छान काम झालंय, २०१२ मध्ये जीन लुएन यांगनं लिहिलेलं. युद्ध संपलं, फायर नेशनचा राजपुत्र झुको गादीवर, सगळ्यांनी ठरवलं की फायर नेशनच्या वसाहती आता बंद करायच्या, त्यांचे लोक परत न्यायचे. ऐकायला न्याय्य आहे एकदम. मग यू दाव नावाचं शहर येतं, शंभर वर्षं जुनी वसाहत, तिथं बाप एका देशाचा, आई दुसऱ्याची, मुलगी दोन्हीची. हिला कुठं परत न्यायचं? पण त्याच शहरात अजूनही मालक एका देशाचे आणि राबणारे दुसऱ्या देशाचे, तेही लपवलेलं नाहीये. झुको आणि आंग यावरून एकमेकांचा जीव घ्यायच्या पातळीला येतात, दोघंही चांगले आणि दोघांचंही काहीतरी बरोबर. खलनायक मेल्यावरची गोष्ट अशी लिहायची असते.

काळीमाती

बराच वेळ वाचत होतो. एक गोष्ट कुणी काढली नाही म्हणून लॉगिन झालो. महात्मा फुले. 'गुलामगिरी', १८७३. जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादातून लिहिलेलं पुस्तक, अर्पण केलंय अमेरिकेतल्या लोकांना, गुलामांना मुक्त केलं म्हणून. त्यात फुल्यांनी दशावताराची चमत्कारांची गोष्ट घेतली आणि उलटी केली. मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन हे त्यांनी बाहेरून चाल करून आलेल्या टोळ्यांचे म्होरके म्हणून वाचले. आणि बळी हा असुर नाही, इथल्या कष्टकऱ्यांचा राजा. खंडोबा, जोतिबा हे त्याचे अधिकारी. आणि पुरावा कुठला दिला तर बायका दिवाळीत ओवाळताना काय म्हणतात तो, इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. हरलेल्या राजाची आठवण जिंकलेल्यांच्या सणात शिल्लक राहिलीय.

इतिहास म्हणून त्यातलं काय टिकतं यावर अभ्यासक वाद घालतात, घालू देत. मी वाचन म्हणून बोलतोय. डनलंडच्या माणसाच्या बाजूनं टोलकीन वाचणं जे आज आपण करतोय ते दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात एका माणसानं आपल्याच पुराणांशी केलंय. आणि जुलूम म्हणजे दर वेळी समुद्रापलीकडून आलेलाच नसतो, हेही त्यांनीच दाखवलं. इंग्रज आले म्हणून गावाबाहेरची वस्ती गावाबाहेर गेलेली नाही. फँटसी साम्राज्याचं बोलते, जातीसारख्या गोष्टीचं मात्र फार कमी बोलते.

काजळरेघ

काळीमाती, फार मोलाची पोस्ट. जातीसारख्या गोष्टीबद्दल म्हणालात म्हणून, जेमिसिनची 'ब्रोकन अर्थ' मालिका वाचली आहे का? लागोपाठ तीन वर्षं, २०१६, १७, १८, तिन्ही भागांना ह्यूगो, म्हणजे फँटसी आणि विज्ञानकथांचा मोठा पुरस्कार, मिळालाय. तिथं ओरोजीन म्हणून माणसं जन्मतात ज्यांना भूकंप थांबवता येतो. सगळा समाज त्यांच्यावर तगून आहे आणि सगळा समाज त्यांना शिवीनं हाक मारतो, गावात सापडलं तर पोराला मारून टाकतात. नोड स्टेशन्सचं जे प्रकरण आहे ते वाचून मी पुस्तक बंद करून ठेवलं होतं. रस्त्यानं जाणाऱ्यांना फक्त एवढंच माहीत असतं की इथं कुणीतरी बसून जमीन शांत ठेवतं. आत खुर्चीला बांधलेलं मूल असतं, त्याचं डोकं असं बिघडवून ठेवलेलं की ते विचार करू शकत नाही, फक्त भूकंप थांबवू शकतं. ज्याच्या कामाशिवाय गाव जगू शकत नाही त्यालाच गावानं माणूस मानायचं नाही, हे आपल्याला समजावून सांगायला लागत नाही.

काळीमाती

नाही वाचलेली. आजच मागवतो.

दोनमुलांचीआई

मोठीला अकरावं आहे, धाकट्याला आठ. यातलं काय देऊ? बेबल आणि जेमिसिन अर्थात नाही, ते कळलं.

मांडवीकाठ

दोघांनाही 'अवतार', बिनधास्त, आणि सोबत बसून बघा. मोठीला दोन वर्षांनी टोलकीन. आणि ती पंधरा सोळाची झाली की ताशा सुरीचं 'द जॅस्मिन थ्रोन' (२०२१), आपल्या मातीतली नावं आहेत, पारिजातद्वीप नावाचं साम्राज्य आणि त्यात दबलेलं अहिरण्य. त्यातली भूमिका नावाची बाई मला फार आवडली, जिंकणाऱ्यांच्या सुभेदाराशी लग्न केलेली, सगळे तिला फितूर समजतात आणि ती घरात बसून आपल्या लोकांना जगवत असते. हिंसा आहे बरीच, तेव्हा आधी तुम्ही वाचा.

चाफेकळी

आता सांगूनच टाकते. मी खांडववनावर लिहायला घेतलंय, नागांच्या बाजूनं. तक्षक त्या दिवशी वनात नसतो, कुरुक्षेत्राला गेलेला असतो, घरी असते त्याची बायको आणि मुलगा अश्वसेन. पोराला वाचवायला ती त्याला गिळते आणि आकाशात झेप घेते, अर्जुन बाणानं तिचं डोकं उडवतो, पोरगा निसटतो. पुढं तोच कर्णाच्या बाणावर जाऊन बसतो. महाभारतात त्या आईला ओळी किती थोड्या! मला तिच्यापासून सुरुवात करायचीय, आग लागायच्या कितीतरी आधीपासून, वनात लोक काय खायचे, कुणाशी देवाणघेवाण करायचे, हस्तिनापूरचा माणूस पहिल्यांदा कधी आला आणि काय मागितलं त्यानं.

दुर्गवेडा

नक्की लिहा. एकच विनंती, इंद्रप्रस्थात राहायला आलेल्या लोकांनाही माणसं ठेवा, ज्यांना नवी जमीन मिळाली आणि ज्यांनी तिथं पहिलं पीक काढलं ते.

चाफेकळी

ठेवणार आहे. एक कुंभारीण आहे, ती राखेतली माती वापरते. तिला माती फार चांगली मिळालीय आणि ती खरंच खूश आहे. पहिलं प्रकरण दिवाळीनंतर टाकते, गरियाहाट आणि काळीमाती, तुम्ही दोघांनी आधी वाचलं तर बरं होईल, व्यक्तिगत निरोप करते.

गरियाहाट

कर, वाट बघतेय. कुंभारणीचं आधी पाठव.